वांग्यांनी माना टाकल्या तेव्हा

"बिजले, ह्या वांग्यांना झालंय तरी काय?" मामंजींनी शेळीला विचारलं.

बिजली खुंट्याला बांधलेली होती आणि शेवरीचा पाला खात होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या दाराच्या आतल्या बाजूला बाजरी निवडत बसले होते. प्रश्न आपल्याला नाही, उंबऱ्याआड बसलेल्या सुनेला आहे, हे शेळीलाही कळत असावं.

आमच्या घरी सून सासऱ्याशी बोलत नसे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, सांगावं लागतही नव्हतं. मामंजींना चहा हवा असला की ते कपबशीकडे बघून "आज चहाची वेळ टळली वाटतं" म्हणत, आणि मी आतून भांडी जरा जोरात वाजवून चहा ठेवल्याचं कळवत असे. लग्न होऊन चार महिने झाले होते आणि आमचं एवढंच संभाषण झालेलं होतं. मामंजी, म्हणजे दत्तोबा गिरमे, नीरेला पोस्टमास्तर होते. नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, पण स्वतः कुणाशी दोन वाक्यं सलग बोलायचे नाहीत.

त्या दिवशी मात्र त्यांना बोलणं भाग होतं. कारण चार दिवसांपूर्वी सासूबाईंनी मला परसात जायला बंदी केली होती.

झालं होतं असं. आखाडाला मी माहेरी सासवडला गेले, पंचमी करून परत आले, आणि आल्या आल्या सासूबाईंनी वांग्याची रोपं माझ्या ओंजळीत दिली. "नव्या सुनंच्या हातानं लागू देत," म्हणाल्या. मी माळ्याची पोर. चिखलात हात घालायला मिळाला की मला सण वाटायचा. चाळीस रोपं लावली. सगळी धरली. गौरी-गणपती येईपर्यंत ती गुडघ्याएवढी झाली, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला परसात नेऊन दाखवू लागल्या. मला वाटलं, जमलं आपलं या घरात.

गौरी गेल्या आणि झाडांचे शेंडे सुकायला लागले. खालचं झाड हिरवंगार, पानं टवटवीत, आणि वरचा कोवळा शेंडा तेवढा मान मोडल्यासारखा लोंबलेला. आज दोन झाडांचा, उद्या पाचांचा. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तरी शेंडे पडतच राहिले. शेवटी शेजारच्या ठकूबाई कुंपणापाशी उभ्या असताना सासूबाई बोलून गेल्या, "हिच्या हाताला यश न्हाई. पायगुणच तसला असंल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू आता परसात पाऊल टाकू नगं. चंपाषष्ठी हुईस्तोवर तरी नगं."

ठकूबाईंच्या कानावर गेलं म्हणजे दवंडी पिटायची गरज नसे. दुसऱ्या दिवशी मी दळणाला गेले तर गिरणीतल्या बायका माझ्या पायांकडे बघत होत्या.

चंपाषष्ठीचं सांगायला हवं. आषाढी एकादशीपासून आमच्यात वांगं बंद असतं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवला की मगच वांगं तोंडात घालायचं. ते वांगं गिरम्यांच्या घरी कधी बाजारातून आलेलं नव्हतं. परसातलंच हवं. भरीत केलं की वाटी वाटी आळीतल्या घरांत जायचं. यंदा वांगी धरली नाहीत तर ती वाटी कुठंच जाणार नव्हती, आणि का गेली नाही हे सगळ्यांना आधीच माहीत असणार होतं. एकदा नैवेद्य बाजारातल्या वांग्यांचा झाला की माझा पायगुण ठरला. मग पुढं त्या घरात दूध नासलं तरी, म्हैस आटली तरी ते माझ्याच नावावर जाणार. माझे मालक मुरलीधर दौंडला रेल्वेत फायरमन होते, पंधरा दिवसांनी एकदा यायचे. त्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "आई बोलते, मनात ठेवत नाही." ठेवायचं तर मला होतं.

म्हणून मामंजींनी शेळीला विचारलं तेव्हा मी पदर पुढं ओढून शेळीलाच उत्तर दिलं.

"बिजले, पडलेला शेंडा मोडावा आणि नखानं उभा चिरून बघावा."

मामंजी वळले. परसात गेले. थोड्या वेळानं परत आले तेव्हा एका हातात चिरलेला शेंडा होता आणि दुसऱ्या हातात टपालातलं जुनं भिंग. "बिजले," ते अगदी हळू म्हणाले, "आत अळी आहे. गुलाबी रंगाची."

"तीच ती," मी म्हणाले. "ती शेंड्यात शिरते, आतनं पोखरते, म्हणून वर पाणी चढत नाही आणि शेंडा पडतो. झाड लहान असतं तोवर शेंड्यात. फळ धरलं की फळात."

"मग पायगुण..." मामंजी म्हणाले आणि थांबले. शेळीनं त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात घेतला होता.

माझ्या वडिलांचा सासवडला वांग्याचा मळा होता. किडीचं सगळं मी त्यांच्या मागं मागं हिंडून शिकले होते. पण सासरी येऊन "मला येतं" असं म्हणायचं नसतं, हे आईनं निघताना पढवलेलं. आणि सासूबाईंना सांगायला गेलेही असते, पण पायगुणाचा शब्द एकदा तोंडातून निघाला की त्यावर अळीचं उत्तर चालत नाही. लोक म्हणणार, अळी तरी कुणाच्या पायानं आली?

तेव्हापासून आमची शाळा सुरू झाली. सकाळी सासूबाई देवळात गेल्या की मामंजी शेळीपाशी यायचे, मी उंबऱ्याआड बसायचे, आणि बिजलीला शेतकीचे धडे मिळायचे. पडलेला शेंडा बोटभर खालून खुडायचा, म्हणजे अळी खुडलेल्या तुकड्यातच राहते. खुडलेला शेंडा जमिनीवर टाकायचा नाही. पानं उलटून बघायची, कारण किडीचा सगळा संसार पानाच्या पाठीवर असतो. मामंजी ऐकायचे, मान डोलवायचे आणि भिंग घेऊन वाफ्यात उतरायचे.

चुका भरपूर केल्या त्यांनी. पहिले तीन दिवस खुडलेले शेंडे त्यांनी व्यवस्थित टोपलीत जमवले आणि टोपली वाफ्याच्याच कडेला ठेवली. कशाला, तर शनिवारी सगळे एकदम खताच्या खड्ड्यात टाकायला. पोस्टातली सवय, थैली भरल्याशिवाय पाठवायची नाही. चौथ्या दिवशी बघितलं तर अळ्या टोपलीतून निघून आपापल्या वाटेनं गेल्या होत्या. मला हसू आवरेना. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मामंजींनी शेळीकडे बघून विचारलं, "चूक झाली का गं?" मी म्हणाले, "बिजले, ते रोजच्या रोज चुलीत जायला पाहिजेत." दुसऱ्या खेपेला त्यांनी लाल चकचकीत, पाठीवर मोजके ठिपके असलेले किडे वेचून मारले, आणि मोठ्या अभिमानानं बिजलीला दाखवायला आणले. ते बिचारे मावा खाणारे, आपल्याच बाजूचे. पानं खाणारे असतात ते मळकट, पाठीवर भरपूर ठिपके असलेले. हे कळल्यावर मामंजी इतके हिरमुसले की दुपारी नीट जेवलेसुद्धा नाहीत. सासूबाईंना वाटलं कालवणात मीठ जास्त झालं, आणि बोलणी मी खाल्ली.

मला ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. नव्या घरात माझ्याशी शहाण्यासारखं बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि तेही माझ्याशी बोलत नव्हतं.

शेंडे खुडले तरी नवे पडायचे थांबेनात. थोडे कमी झाले, एवढंच. अळी बाहेरून कुठून तरी येत होती. माझे वडील म्हणायचे की कीड दिसली की आधी तिचं घर शोधावं. पण घर शोधायला मला परसात जाता येत नव्हतं. मी मागच्या दारातून दिसेल तेवढं बघत राहिले. आणि एका सांजेला, दिवे लागायच्या सुमाराला, न्हाणीच्या भिंतीपाशी बारीक पांढुरकी पाखरं उडताना दिसली. भिंतीला लागून काट्याकुट्यांची कंबरभर उंच रास होती. पाखरं तिथूनच निघत होती.

दुसऱ्या दिवशी मी शेळीला विचारलं, "बिजले, न्हाणीपाशी कसली रास आहे?"

"गेल्या वर्षीची वांग्याची झाडं," मामंजी म्हणाले. "वाळल्यावर उपटून रचलेली. दर वर्षी पावसाळ्याच्या आत पाणी तापवायला जाळते ही. यंदा लग्नाला म्हणून गाडीभर बाभळीचं जळण आणलं, त्यामुळे ती तशीच राहिली."

जुन्या झाडांतल्या अळ्या तिथंच कोष करून बसल्या होत्या आणि पाखरं होऊन नव्या वाफ्यावर अंडी घालत होत्या. रास रचली होती सासूबाईंनी. स्वतःच्या हातानं, काटे टोचून घेत, काटकसर म्हणून. आणि ती जळायची राहिली होती माझ्या लग्नामुळं. म्हणजे म्हटलं तर दोष निम्मा-निम्मा होता.

मी ते सगळं शेळीला सांगितलं. मामंजी बराच वेळ राशीकडे बघत उभे होते. बायकोचं काम त्यांनाही ओळखू आलं होतं. मग म्हणाले, "बिजले, मला अलीकडे थंडी फार वाजते."

भाद्रपद सरत आला होता, दुपारी घामाच्या धारा लागत होत्या, आणि मामंजी दिवसातून दोनदा कढत पाण्यानं आंघोळ करू लागले. जळण म्हणून फक्त तीच रास. मी बंबात मोळ्याच्या मोळ्या कोंबत होते. सासूबाई ठकूबाईंना सांगत होत्या की मास्तरांना म्हातारचळ लागलाय. मामंजी लालबुंद होऊन न्हाणीतून बाहेर यायचे, चक्कर आल्यासारखे ओट्यावर टेकायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. पंधरा दिवसांत रास संपली. वर मी वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून ठेवायचे, मामंजी ते पाणी गाळून केरसुणीनं झाडांवर शिंपडायचे.

नवरात्रानंतर शेंडे पडायचे जवळजवळ थांबले. आणि खुडलेल्या झाडांना बाजूनं दोन-दोन, तीन-तीन फांद्या फुटून ती दुपटीनं दाट झाली. दिवाळीत जांभळी फुलं आली. काही फळांना भोकं पडली, ती मामंजींनी बिनबोभाट चुलीत घातली. पण बाकीची धरली, हिरवी-पांढरी, काटेरी देठाची, हातात मावणार नाहीत अशी. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, मास्तरांनी निवृत्तीनंतर शेतकी शिकून घेतली. माझ्यावरची बंदी काही उठली नाही. झाडं मास्तरांनी वाचवली, पण ती माझ्या हातानं बिघडली होती, हे आपल्या जागी कायम होतं.

चंपाषष्ठीच्या दिवशी मी पहाटे उठून वांगी भाजली. नैवेद्य झाला, तळी भरली, येळकोट झाला. तळी उचलायला आलेली आळीतली माणसं आणि ठकूबाई मागच्या पडवीत जेवायला बसली. सासूबाई भरीत वाढत होत्या, मी दाराआड रोडग्यावर तूप घालून ताटं पुढं सरकवत होते. दाराच्या फटीतून मागचा परस आणि न्हाणीची भिंतही दिसत होती.

ठकूबाईंनी भरिताचा घास घेतला आणि दाराच्या दिशेनं बघत म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यामुळं निभावलं बघा. न्हाईतर नव्या पायगुणानं यंदा बाजारात जायची येळ आली हुती."

मामंजींनी हातातला घास ताटात ठेवला. ते रागावले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"पायगुणबियगुण काही नाही," ते म्हणाले. शेळी जवळ नव्हती, माणसांना उद्देशून ते पहिल्यांदाच इतकं मोठ्यानं बोलले असतील. "कीड होती ती. कुठून आली तेही मला ठाऊक आहे. आज सगळ्यांच्या देखत सांगतो." आणि त्यांनी हात उचलून न्हाणीच्या भिंतीकडे बोट केलं. "ती तिथं..."

सासूबाईंनी त्या बोटाच्या रोखानं बघितलं. भिंतीपाशी आता काहीच नव्हतं, नुसती मोकळी जागा. त्या जागेवर आधी काय रचलेलं होतं आणि मास्तर भाद्रपदात कढत पाण्यानं का न्हात होते, हे त्यांना एकदम कळलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पळीतलं भरीत पळीतच राहिलं. पुढचा शब्द झेलायला ठकूबाई तिथं बसल्या होत्या, आणि दिवस मावळायच्या आत ती गोष्ट गिरणीपर्यंत जाणार होती.

तीन महिने मी त्या क्षणाची वाट पाहिली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी दारातून पडवीत आले. डोक्यावरचा पदर होता तसाच होता. "मामंजी," मी म्हणाले, "यंदा हवाच तशी होती. सासवडलाही माझ्या वडिलांच्या मळ्यात असंच झालंय."

सून सासऱ्याशी बोलली, तीही चारचौघांत आणि त्यांचं बोलणं तोडून. जेवणारे जेवायचे थांबले. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. सात महिन्यांत आमची नजरानजर ती पहिलीच. वडिलांच्या मळ्यात काही झालेलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "हां. हवाच होती तशी."

ठकूबाई म्हणाल्या, "बाई बाई, काय ही आजकालची रीत." तेवढ्यावर निभावलं. पायगुणाचं मागं पडलं आणि सून आगाऊ आहे, हे नवं सुरू झालं. ते मला सोसण्यासारखं होतं.

ते मी का केलं, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तो शब्द डोक्यावर घेऊन तीन महिने कसं जगावं लागतं, ते माझं ताजं होतं, आणि तोच उचलून पन्नाशीच्या बाईच्या डोक्यावर ठेवलेला मला बघवला नसता.

दुपारी पंगत उठल्यावर आम्ही दोघी भांडी घासत होतो. बराच वेळ सासूबाई एकच परात घासत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मी ह्या घरात आले त्या साली आड आटला."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"चैतात आटला. पाऊसच झाला नव्हता आदल्या साली, गावातलं समदं आड आटलं हुतं. पर सासूबाई म्हणाल्या, हिचा पाय पडला आन् आड कोरडा झाला. मला आडावर जायची बंदी केली. पुढं पाणी आलं, आड भरला, बंदी तशीच." त्यांनी परात उपडी घातली. "सासूबाई गेल्या त्यालाबी बारा वर्सं झाली. तरी माझा पाय तिकडं वळत न्हाई. कुणी येक माणूस म्हणालं न्हाई बघ, की हवा तशी हुती."

आमचा आड अंगणातच होता, दारापासून दहा पावलांवर. घरात पाणी मामंजी नाहीतर मी शेंदत असू. सासूबाईंची कंबर दुखते म्हणून, असं मी धरून चालले होते.

"त्या दिवशी कुंपणापाशी," त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडनं सासूबाईच बोलल्या गं. मला बोलल्यावर कळलं. पर कळून काय उपेग."

मी हात धुतले, त्यांचा राखेनं भरलेला हात धरला आणि त्यांना उठवलं. त्या "आगं, काय, आगं" म्हणत आल्या, पण आल्या. आडाच्या कठड्याशी मी दोर त्यांच्या हातात दिला. मामंजी ओट्यावर पान जुळवत बसले होते, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पान तसंच हातात धरून ठेवलं.

सासूबाईंनी बादली आडात सोडली. ती पाण्यावर आडवी पडून तरंगत राहिली, बुडेना. बादली पाण्यात बुडवायला दोराला कसा हिसका द्यायचा, ते त्यांना येत नव्हतं. त्या घरात त्यांना तेहतीस वर्षं झाली होती.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दाखवलं.